धागा: भात खंडी २ मण ४ म्हणजे किती किलो? जुन्या कागदांतली वजनं-मापं

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं जुनं घर उतरवताना माळ्यावरच्या पेटीत कागदांचं एक बासन मिळालं. बरेचसे मोडीत, थोडे बाळबोध. त्यातल्या दोन कागदांबद्दल विचारायचं आहे.

पहिली शके १८५३ ची कबुलायत. पणजोबांनी जमीन खंडानं कसायला दिली होती, तिचा खंड म्हणून दरसाल 'भात खंडी २ मण ४' घालायचं ठरलंय. दुसरी आत्याआजीच्या लग्नातल्या दागिन्यांची यादी. 'पुतळ्यांची माळ तोळे ५ मासे ४ गुंजा ३', 'पाटल्या जोड १ तोळे ८' अशी.

घरातल्या पोरांसाठी मी घराण्याची वही लिहायला घेतली आहे. त्यांना खंडी-मण काही कळायचं नाही, म्हणून शेजारी किलो-ग्रॅम द्यायचे आहेत. नेटवर १ मण = ३७.३२ किलो मिळालं. खंडीला २० मण धरून ४४ मण, म्हणजे १६४२ किलो झाले. आमचे काका म्हणतात, "तेवढ्या रानाला एवढं भात खंड म्हणून कोण घालील?" आता हिशोब चुकतोय की काकांचा अंदाज?

रविवारपेठ
आमचं धान्याचं दुकान आजोबांपासूनचं, त्यामुळे हे आकडे तोंडपाठ आहेत. पक्क्या वजनांचं कोष्टक असं: ८ गुंजा म्हणजे मासा, १२ मासे म्हणजे तोळा, ५ तोळे म्हणजे छटाक, दोन छटाकांचं नवटाक, चार छटाकांचा पावशेर, १६ छटाक म्हणजे ८० तोळ्यांचा शेर. ५ शेरांची पासरी, ४० शेरांचा मण, २० मणांची खंडी.

तोळा ११.६६४ ग्रॅम. त्यावरून छटाक ५८.३ ग्रॅम, नवटाक ११६.६, पावशेर २३३.३, अच्छेर (अर्धा शेर) ४६६.६, शेर ९३३.१ ग्रॅम. पासरी ४.६६५ किलो, मण ३७.३२४ किलो, खंडी ७४६.५ किलो.

तोंडी हिशोबाला आमच्या वडिलांची रीत सांगतो, वहीत लिहून ठेवा: १२ तोळ्यांचे १४० ग्रॅम, १५ शेरांचे १४ किलो, ३ मणांचे ११२ किलो. तीन मणांत तीस ग्रॅमचासुद्धा फरक पडत नाही. तुमचे १६४२ किलो बरोबर आहेत. काकांना सांगा, तेव्हाची जमीन कसदार होती.

मोडीवाचक
रविवारपेठ यांचे आकडे चोख आहेत, पण ते तागडीचे आहेत. आणि भात तागडीत घालायची रीत आपल्याकडे नव्हती. भात मापानं मोजायचे. मण आणि खंडी ही नावं दोन्हीकडे चालतात, घोळ तिथंच होतो.

मापाची उतरंड वेगळी. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायलीच्या पुढे फाटे फुटतात. कुठे १२ पायल्यांचा मण, कुठे १६ पायल्यांचा. म्हणजे तुमचे ४४ मण एका हिशोबानं ५२८ पायल्या, दुसऱ्या हिशोबानं ७०४ पायल्या. पायलीत किती भात मावायचं ते ठरल्याशिवाय किलो सांगता येणार नाहीत.

कागद पुन्हा बघा. साक्षीदारांच्या सह्यांच्या आधी, अगदी शेवटच्या दोन-तीन ओळींत मापाचा खुलासा असतो बहुतेक वेळा: कोणाची पायली, मणाला किती पायल्या, कुठे आणून घालायचं. आकड्यापुढच्या उभ्या रेघाही सोडू नका. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. 'मण ४' आणि 'मण ४॥' यांत सहा-आठ पायल्यांचा फरक आहे. जमल्यास त्या ओळींचा फोटो टाका.

निपाणीकडचा
नुसतं मापाचंच नाही, वजनी मणसुद्धा एक नव्हता. आमचे आजोबा तंबाखूचा विषय निघाला की कच्चा मण आणि पक्का मण असं वेगवेगळं बोलायचे. म्हैसूरकडचा कच्चा शेर २४ तोळ्यांचा. त्याचे ४० शेर म्हणजे ९६० तोळे, किलोत ११.२. मुंबईचा जुना मण २८ रत्तलांचा (पौंडांचा), म्हणजे १२.७ किलो. आणि सरकारी पक्का मण ३७.३. नाव एकच आणि वजनात तिपटीपेक्षा जास्त तफावत!

आपला मुलूख तर सगळ्या बाजूंनी वेढलेला. जिल्हा मुंबई इलाख्यात, खाली म्हैसूर, पलीकडे गोवा, आणि मधे मधे कोल्हापूर, सांगली, जमखंडी, रामदुर्ग संस्थानांची गावं. बेळगावला खेटून असलेलं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. सकाळी एका राज्यात माल घेऊन दुपारी दुसऱ्या राज्यात विकणारी माणसं होती ही. म्हणून जुना आकडा दिसला की आधी गाव विचारायचं, मग साल, मग माल. गुणाकार सगळ्यात शेवटी.

तुमचे ४४ मण कच्च्या मणानं ४९३ किलो, मुंबईच्या मणानं ५५९, पक्क्या मणानं १६४२. त्यात मापाचा हिशोब आणखी वेगळा. काकांना हसू नका, त्यांच्या बोलण्यात तथ्य असणार.

रविवारपेठ
कच्च्या-पक्क्याचं मान्य. पण सरसकट सगळं धूसर होतं असंही समजू नका. १९३२ साली मुंबई इलाख्याने वजनमापांचा कायदा केला, १९३९ मध्ये साऱ्या देशासाठी १८० ग्रेनचा (म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा) तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण कायद्यानं पक्का झाला. त्यानंतरच्या पेठेतल्या वह्यांत मण दिसला की मी डोळे झाकून ३७.३२४ नं गुणतो.

मोडीवाचक
पेठेतल्या वह्यांपुरतं मीही तेच करीन. पण शके १८५३ म्हणजे १९३१-३२, या कायद्यांच्या आधीचा किंवा अगदी उंबरठ्यावरचा कागद. शिवाय तो पेठेतला नाही, खळ्यावरचा आहे. कायदा पेठेत लवकर पोचतो. खळ्यावर जी पायली वाडवडिलांपासून चालत आली तीच चालते.

तोळ्याचं मात्र बरं आहे. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या साऱ्या मुलखात एकच रुपया चालू केला, १८० ग्रेन वजनाचा. रुपया आणि तोळा एकाच वजनाचे. म्हणून जुन्या कागदांत 'अमुक रुपये भार' असं येतं, तिथे तितके तोळे समजायचे. दुकानदार तागडीत वजनाच्या जागी रुपयेच टाकायचे. ८० रुपये टाकले की शेर झाला.

सोनारगल्ली
मलप्रभाकाठ, दागिन्यांचं मी सांगतो. सराफीतच आयुष्य गेलं आमचं.

पुतळ्यांची माळ: ५ तोळे म्हणजे ५८.३२ ग्रॅम, ४ मासे म्हणजे ३.८९, ३ गुंजा म्हणजे ०.३६. एकूण ६२.५७ ग्रॅम. पाटल्या ८ तोळे म्हणजे ९३.३१ ग्रॅम.

आता जपायची गोष्ट. आज आमच्या गल्लीत कुणी तोळा म्हणालं तर तो १० ग्रॅमचा. घरातल्या बायका "आजीची माळ सव्वापाच तोळ्यांची" असं ऐकत आलेल्या असतात, आणि दुकानात काट्यावर ती सहा तोळ्यांच्या वर भरते. मग गिऱ्हाइकाला वाटतं काटा चुकला. उलटंही होतं आणि ते जास्त नुकसानीचं. वाटणीच्या कागदात 'सोने तोळे १२' आहे, भावाने १२० ग्रॅम मोजून बहिणीच्या हातात ठेवले. खरे तर १४० ग्रॅम व्हायला पाहिजेत. वीस ग्रॅम सोनं आजच्या भावात किती होतं ते बघा. माझ्यासमोर अशी भांडणं आली आहेत आणि कोष्टक दाखवल्यावर मिटली आहेत. म्हणून वहीत नुसतं 'तोळे' लिहू नका, 'जुने तोळे' लिहा आणि ग्रॅम लगेच शेजारी.

आणखी एक, पुतळ्यांची माळ असेल तर गोफ-दोरा धरून वजन लिहिलंय का ते बघा. पाटल्यांत लाख भरलेली असेल तर तेही त्यात येतं. यादीत 'निव्वळ' शब्द असला तर सोनं तेवढं, नसला तर दागिन्याचं वजन.

वाटेवरची_वनस्पती
सोनारदादा, तिसरा तोळाही आहे. आयुर्वेदाच्या योगसंग्रहात हिशोब सोपा जावा म्हणून गुंज १२५ मिलिग्रॅमची धरतात. आठ गुंजांचा मासा बरोब्बर १ ग्रॅम, बारा माशांचा तोळा १२ ग्रॅम. तुमची गुंज १२१.५ मिलिग्रॅमची. कुणाच्या बासनात वैद्यकीचा कागद निघाला तर औषध १२ ग्रॅमच्या तोळ्यानं मांडतात हे ध्यानात असू द्या. काढ्याच्या काड्यांत तीन-चार टक्क्यांनी बिघडत नाही, पण भस्मं आणि रसायनं घरी मोजून घ्यायची नसतात. तिथे वैद्याला विचारा.

गोदाक्का
मला तुमचे ग्रेन-बिन काही कळत नाही बाबांनो, पण स्वयंपाकातलं विचारते. सासूबाईंच्या वहीत कुंद्याचं प्रमाण आहे: दूध अडीच शेर, साखर दीडपाव. मी लिटर आणि किलो धरून केलं तर गोड कमी-जास्त होईल काय?

आणि सत्यनारायणाचं माझं मत सांगते. सव्वा शेराला आता सगळे सव्वा किलो घेतात. वजनी शेर धरला तर ११६६ ग्रॅम व्हायला हवेत. पण ते ग्रॅम बघत बसायचंच नाही. रवा, साखर, तूप एकाच मापानं सव्वा सव्वा घ्यायचं, मग ते माप वाटीचं असो नाहीतर शेराचं. आमच्या गल्लीत अजून एकीकडे चिपटं आहे, पूजेच्या आदल्या दिवशी सगळ्या जणी तेच मागून नेतात.

मोडीवाचक
अक्का, सत्यनारायणाबद्दल तुमचंच बरोबर. मापानं घ्यायचं असेल तर मापानंच घ्यावं, एक जिन्नस मापानं आणि एक वजनानं करू नये.

कुंद्याचं असं. दुधाचा शेर वजनी धरला तर अडीच शेर म्हणजे २३३३ ग्रॅम. दूध पाण्यापेक्षा थोडं जड, लिटरला साधारण १०३० ग्रॅम, त्यामुळे सव्वादोन लिटरच्या किंचित वर. दीडपाव साखर ३५० ग्रॅम. अडीच लिटरला ३५० ग्रॅम साखर घातलीत तर गोडी थोडी कमी लागेल, ३८५ घाला. पण सासूबाईंकडे दूध मापानं यायचं असेल तर हा हिशोब लागू नाही. त्यांचं दुधाचं माप घरात आहे का?

गोदाक्का
पितळी माप आहे, लांब दांड्याचं. त्यात पाणी भरून बघते. एकदा तुम्ही सांगितल्यासारखं करते, एकदा मापानं. चव सांगेल कुठलं सासूबाईंचं.

मलप्रभाकाठ
मंडळी, मोडीवाचकांनी सांगितल्याप्रमाणे शेवटच्या ओळी बघितल्या, फोटोही त्यांना पाठवला. त्यांनी वाचून दिलं: मणास बारा पायल्या, घरच्या पायलीने, शीग न लावता, वाळवून पाखडून, मालकाच्या दारी आणून घालावे. म्हणजे ५२८ पायल्या. आणि ती घरची पायली चुलतभावाकडे आहे! लाकडी, तोंडाला आणि बुडाला लोखंडी पट्टी. चुलतीनं तीत उदबत्त्या ठेवल्या होत्या. आता हिच्यावरून वजन कसं काढू?

सीमेवरचा_मास्तर
हायस्कुलात विज्ञान शिकवलं आहे, तेव्हा पद्धत मी सांगतो.

लाकडी पायलीत पाणी भरू नका. लाकूड पाणी पितं आणि सांध्यांतून गळतं. मोहरी वापरा. पायली मोहरीनं काठोकाठ भरा, वरून सरळ काठी फिरवून सपाट करा, मग ती मोहरी लिटरच्या मापानं मोजून काढा. पायलीचं आकारमान लिटरमध्ये मिळेल. हे एकदा लिहून ठेवलं की पुढे कुठल्याही धान्याला उपयोगी.

मग वजन. प्रत्येक धान्याचं लिटरमागे वजन निराळं. तांदूळ लिटरला साधारण पाऊण किलोच्या आसपास किंवा थोडा वर, टरफलासकट भात मात्र ५५० ते ६०० ग्रॅम. म्हणून 'पायली म्हणजे अमुक किलो' असं जे कोणी छातीठोक सांगतात त्यांना आधी विचारायचं, कशाची पायली? समजा पायलीत ४ लिटर मावलं. तांदूळ तीन-सव्वातीन किलो भरेल, भात सव्वादोनच. भुईमुगाच्या शेंगा भरल्या तर किलो-सव्वा किलोत पायली भरते. चुरमुऱ्यांचं तर बोलायलाच नको, आणि त्यामुळेच आपल्या बाजारात चुरमुरे अजून मापानं मागतात.

तुम्हाला भाताचंच हवंय, तर थेट भातच भरून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. वाळलेलं, पाखडलेलं घ्या, कारण करारात तसंच आहे. भरण्याची पद्धतही महत्त्वाची. पायली हलवून, आपटून भरली की भात दबतं आणि पाच-सात टक्के जास्त मावतं. वरून ओतून, न हलवता काठी फिरवा. दोन-तीनदा करून किमान आणि कमाल दोन्ही आकडे ठेवा.

आणि शीग. कागदात 'शीग न लावता' मुद्दाम लिहिलंय, ते वाचून मला फार बरं वाटलं. माप शिगोशीग भरलं की काठाच्या वर धान्याचा सुळका उभा राहतो, तोंड रुंद असेल तर तो सुळका चांगलाच मोठा होतो. पाचशे पायल्यांवर तो शेतकऱ्याच्या घरातला महिना-दोन महिन्यांचा दाणा होतो. कुळाच्या बाजूनं कुणीतरी जाणत्या माणसानं ती अट घालून घेतली असणार.

खळ्यावरचा
मास्तरांना दुजोरा. मापाडी कसा मोजायचा ते मी लहानपणी पाहिलंय. पहिल्या पायलीला तो 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. लाभ, मग दोन, मग तीन, एका लयीत. पायली ढिगात खुपसून वर काढायची, डाव्या हाताचा तळवा तोंडावरून फिरवायचा की झालं सपाट. तळवा किंचित वाकडा धरला तर माप वाढतं, आत दाबला तर घटतं. मालक आणि कूळ दोघेही त्या तळव्याकडे बघत उभे असत. कानडी मुलखातनं आलेले मापाडीही पहिल्या मापाला लाभच म्हणायचे. पुढं मात्र आकडे कानडीत.

मलप्रभाकाठ
मास्तर, सांगितलं तसंच केलं. मोहरी चुलतीनं दिली नाही, म्हणाली मोहरी सांडायची नसते, म्हणून थेट भातच मोजलं. पायली न हलवता भरली तर २ किलो २०० च्या आसपास, हलवून भरली तर २ किलो ३०० पर्यंत. ५२८ पायल्यांचे ११६२ ते १२१४ किलो होतात. वहीत लिहितो: भात खंडी २ मण ४ (मणास १२ पायल्या, घरची पायली), आजच्या हिशोबानं सुमारे ११.६ ते १२.१ क्विंटल.

काकांना दाखवलं. ते म्हणतात अजूनही जास्तच वाटतंय. पहाणीवर (जमिनीच्या उताऱ्यावर) आज जमीन जेवढी दिसते तेवढीच तेव्हा होती का, हे आता तालुक्याला जाऊन काढावं लागेल.

मोडीवाचक
उत्तम. फक्त पायलीचा फोटो आणि उंची-व्यासही वहीत घाला. पायली उद्या कुणी विकली किंवा चुलीत घातली तरी पुढच्याला पुन्हा हिशोब मांडता येईल. आणि खालच्या पट्टीवर ठसा आहे का बघा. मापावर सरकारी शिक्का असला तर तो कोणत्या अमलाचा आहे त्यावरून बरंच कळतं.

रविवारपेठ
मान्य, खळ्यावरच्या कागदाला माझं कोष्टक पुरत नाही. पण १९५६ चा कायदा झाल्यावर किलो आले ते मी वडिलांकडून ऐकलंय. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं सुरुवात, एप्रिल १९६२ पासून सगळीकडे सक्ती. आदल्या वर्षी, १९५७ मध्ये, आण्यांचे नये पैसे झाले होते. त्यात १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हाही मुंबईतून म्हैसूर राज्यात गेला. पाच-सहा वर्षांत राज्य, पैसा आणि वजन तिन्ही बदलली. त्या काळातल्या आमच्या वहीत एकाच पानावर वर शेर आणि खाली किलो आहेत, भाव एका ओळीत आण्यांत तर पुढच्या ओळीत नये पैशांत. शेराचा भाव किलोला लावताना १.०७१७ नं गुणायला लागतं. वडिलांनी पुठ्ठ्यावर तक्ता करून गल्ल्यामागे लावला होता. गिऱ्हाइकाला रोज सांगावं लागे, "भाव वाढवला नाही ताई, माप मोठं झालंय."

बैलहोंगल_जवारी
उशिरा आलो. आमच्या बासनात 'रुई खंडी ३' असं आहे. वरचं वाचून ७४६.५ नं गुणू नये एवढं कळलं. मग कितीनं?

रविवारपेठ
बरं झालं विचारलंत, गुणू नकाच. रुईची खंडी वेगळी, ७८४ रत्तलांची. म्हणजे मुंबईच्या २८ रत्तली मणाचे २८ मण. रत्तल ४५३.६ ग्रॅम, म्हणून खंडी ३५५.६ किलो. आजही रुईचा भाव खंडीला सांगतात तो ३५६ किलोच्या खंडीचाच. तुमच्या ३ खंडी म्हणजे १०६७ किलो. पक्क्या मणाची खंडी धरली असती तर २२४० किलो झाले असते, दुपटीहून जास्त.

फक्त कागदात 'रुई' आहे की 'कापूस' ते नीट वाचून घ्या. सरकी काढलेली असेल तरच हा हिशोब. सरकीसकट कापूस असेल तर त्या ओळीचा आणि खालच्या बेरजेचा फोटो टाका. भाव आणि एकूण रक्कम लिहिलेली असेल तर त्यावरून खंडी कुठली ते उलटं काढता येईल.